उकंडाबाईचं माहेर

वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावात उकंडाबाईच्या चक्कीवर दळणाचा डबा ठेवून कोणी निघून जाऊ लागलं, की ती त्याला हाक मारून परत बोलवायची. डबा तराजूत ठेवायची, वजन मोठ्याने सांगायची आणि गिऱ्हाइकाच्या तोंडूनही तेच वजन वदवून घ्यायची. मग म्हणायची, "आता उभी राह्य इथंच. उद्या म्हणशीन, उकंडाबाईनं पीठ काढलं." ते माणूस बिचारं पट्ट्याच्या फटफटीत आणि पिठाच्या धुरळ्यात आपलं दळण होईपर्यंत उभं राही. पीठ झालं की पुन्हा तराजू, पुन्हा वदवणं.

गावात दुसरी चक्की होती. तिथे असला जाच नव्हता. तरी बायका हिच्याकडेच येत. दुसरीकडे ज्वारीवर गहू टाकून देत, ही तसं कधी करायची नाही. आणि तिच्याकडचं पीठ खरोखरच कमी भरत नसे.

मी लग्न होऊन सिंदीला आले तेव्हा आमची आणि तिची भिंत एक होती. नव्वद साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. ती पन्नाशीची, विधवा, एक मुलगी शिकायला वर्ध्याला. पहिल्या सणाला सासूबाईंनी मला वाटीभर शिरा देऊन तिच्याकडे पाठवलं. मी कोणाशी बोलायला लाजायची. दारात वाटी धरून उभी राहिले. तिने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काऊन आणला?"

मी सण आहे म्हणून, असं काहीतरी पुटपुटले.

"मंग तू खाय पहिले," ती म्हणाली.

मी उभ्या उभ्या एक घास खाल्ला. ती माझा गिळणारा गळा बघत होती. मग तिने वाटी घेतली. पुढे एकोणीस-वीस वर्षं मी तिच्याकडे जे काही नेलं, त्यातला पहिला घास तिच्या दारात मी खाल्ला. सवयच झाली. दुसऱ्या कोणाकडे वाटी घेऊन गेले तरी माझा हात वाटीत जायचा आणि लोक हसायचे. मी तिला काकू म्हणायची.

तिचे डोळे घारे होते. नुसते घारे नाही, उन्हात पाहिलं तर हिरवट दिसत. रंग गोरा. तिला कोणी गोरेपणावरून बोललं तर ती म्हणे, "पीठ हाय ते, पुसलं का तुह्यासारकीच निघन." पण डोळ्यांना पिठाचा आडोसा देता येत नव्हता. लेकुरवाळ्या बायका चक्कीवर आल्या की लेकराच्या तोंडावर पदर ओढून घेत. तिला ते दिसे. एकदा एका बाईने असा पदर ओढला तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं आणि पाठमोरी राहून चाचपत चाचपत सगळं दळण दळलं. डबा मागच्या मागे सरकवून म्हणाली, "घे. तुह्या लेकराले पाह्यलं नाई मी. पीठ बी नाई पाह्यलं, काय निघालं असंन ते असंन." ती बाई दुसऱ्या दिवसापासून लेकरू उघडं घेऊन येऊ लागली. काजळाची तीट मात्र मोठी लावून आणायची.

आता तिच्या नावाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्या नावापाशीच अडलेलं होतं. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. ज्या बाईची लेकरं जगत नसत, ती पुढचं लेकरू झालं की उकंड्यावर नेऊन ठेवायची. दुसऱ्या बाईने ते सुपात उचलून घ्यायचं. मग खऱ्या आईने पसाभर ज्वारी देऊन तिच्याकडून आपलंच लेकरू विकत घ्यायचं. लेकरू टाकलेलं आहे, कोणाच्या कामाचं नाही, असं दिसलं की मरण त्याच्याकडे फिरकत नाही, असा समज. त्या लेकराचं नाव उकंडा. आमच्या भागात अजून या नावाची म्हातारी माणसं आहेत.

काकूच्या आईची, अनसूयाबाईची, आधीची तीन लेकरं गेली होती. त्यामुळे हिंगणीत, म्हणजे काकूच्या माहेरी, तिच्या नावाचं कोणाला नवल नव्हतं. तिच्यानंतर सात वर्षांनी भाऊ झाला, नामदेव. तो जगला. लोक म्हणाले, उकंडीनं पायगुण दाखवला.

काकूला मात्र स्वतःबद्दल संशय होता. फार जुना. तो तिने मला एकदा गहू निवडताना सांगितला. मला वाटलं डोळ्यांबद्दल बोलेल. ती म्हणाली, "माह्या मायनं मले कवाच मारलं नाई. नाम्याले मारे. चिपाडानं मारे, चिमटे घे. मले बोट नाई लावलं. सोताच्या पोराले मारतेत, परक्याच्याले जपतेत."

मी म्हटलं, लाडकी असाल.

"लाड बी नाई केले," ती म्हणाली आणि खडा बाहेर फेकला.

तिची आणखी एक गोष्ट साऱ्या आळीला माहीत होती. डोकं विंचरल्यावर ती एकूण एक केस गोळा करून त्याची गुंडी करायची आणि चुलीत टाकायची. भिंतीवरून केस जळल्याचा वास आमच्याकडे यायचा. नखंही तशीच. तिला करणीची भीती होती, आणि ती भीती उगाच नव्हती असं ती सांगे. ती लहान असताना गंगूमावशी, अनसूयाबाईची धाकटी बहीण, हिंगणीला यायची. लहानपणीच विधवा झालेली बाई. आधी सिंदीला स्टेशनाजवळ कापसाच्या साहेबाच्या बंगल्यावर झाडलोट करायची, नंतर सेलूला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होती. ती आली की ओसरीवरच बसे, घरात येत नसे. उकंडाची फणी मागून घेई, तिचं डोकं विंचरून देई आणि फणीत राहिलेले केस हळूच पदराच्या गाठीत बांधून नेई. काकूने ते पाहिलं. आईला सांगितलं. आई म्हणाली, "राहू दे." बारा वर्षांची झाल्यावर उकंडाने एकदा ती गाठ ओढून सोडली, केस हिसकावून घेतले आणि चारचौघांत मावशीला करणीवाली म्हटलं. जाताना तिच्या पाठीत गोटा मारला. त्यानंतर मावशी आली नाही. मेली तेव्हाही काकू मातीला गेली नाही. हे ती मोठ्या अभिमानाने सांगायची. अशा बायकांपासून कसं सावध राहायचं, ते मला शिकवत असल्यासारखं.

माहेराची मात्र तिला ओढ होती. नामदेवमामा दर भाऊबीजेला हिंगणीहून यायचे. उंच, काळे, तोंडात कायम तंबाखू. बहीणभाऊ शेजारी बसले की कोणालाही वाटावं, दोन गावची माणसं एका बाकड्यावर एसटीची वाट पाहत आहेत. बोलणंही तेवढंच. पाऊस कसा झाला, बैल विकला का. तरी त्या दिवशी चक्की बंद असे आणि काकू तिन्हीसांजेला सतरंजी झटकून दारात उभी राही.

दोन हजार साल उलटल्यावर हिंगणीच्या रस्त्याकडेच्या जमिनींकडे लोक डोळे लावून बसले. मामांचा मुलगा प्रकाश एक दिवस मोटारसायकलवर आला. त्याला काकूचा अंगठा पाहिजे होता. बहिणी भावाच्या नावे आपला हक्क सोडतात, तो कागद. गावोगाव होतं ते, त्यात त्याने काही वेगळं मागितलं असं नाही. काकू नाही म्हणाली. प्रकाशने मला मध्ये घालायचा प्रयत्न केला. मी आत निघून गेले, पण भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

"आत्या, तुले जमीन कसाची हाय का?"

"नाई."

"मंग देऊन टाक ना आंगठा."

"आंगठा देल्ला का माह्येर संपते," काकू म्हणाली. "मंग कोणी कायले येते भाऊबीजेले? काम होतं तवरच बहीण असते."

प्रकाश दोन-तीनदा येऊन गेला. शेवटच्या वेळी चिडून म्हणाला, आमच्या घराण्यात असे डोळे कोणाचेच नाहीत. आजकाल कोर्टात रक्त तपासतात, मग कोण कोणाचं ते निघेल. तो गेल्यावर काकू बराच वेळ चक्की सुरू करून बसली. वरच्या तोंडात दाणा नव्हता. दगडावर दगड घासत होता.

तिची मुलगी सुनंदा तोपर्यंत अमेरिकेत होती. जावई कॉम्प्युटरमधला. दिवाळीला आल्यावर सुनंदाने हे ऐकलं आणि पुढच्या फेरीत दोन नळ्या घेऊन आली. बोटाएवढ्या, काचेसारख्या दिसणाऱ्या पण प्लास्टिकच्या. त्यात थुंकायचं. ते तिकडे पाठवलं की माणसाचं रक्त कुठलं, नातं कोणाशी, ते कळतं. एक नळी आईसाठी, एक नामदेवमामांसाठी. दोघांचं ताडून पाहिलं की सख्खे आहेत की नाहीत ते निघेल.

मला वाटलं, काकू नळी अंगणात भिरकावेल. केस जाळणारी बाई स्वतःची थुंकी परमुलखात पाठवील का? तिने सुनंदाला खूप विचारलं. थुंकी उघडतं कोण, ठेवतात कुठं, नंतर फेकतात का, फेकतात तर कशावर. एवढं विचारून झाल्यावर म्हणाली, करणी करणारा जवळचा लागतो. इतक्या दुरून लागत नाही. आणि थुंकली.

मामांची नळी राहिली. प्रकाशने घरी बजावलं होतं, आत्याकडे काही देऊ नका, पाणीसुद्धा पिऊ नका. सुनंदाला परत जायला चार-दोन दिवस उरले तेव्हा मामा पिशवीत हरभऱ्याची डाळ घेऊन चक्कीवर आले. हिंगणीला काय चक्की नव्हती? मी भिंतीपलीकडून आले. मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नळी मागितली. अर्धा तास तंबाखू खायची नाही, असं सुनंदाने सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. अर्ध्या तासाने भिंतीकडे तोंड करून थुंकू लागले, पण नळी भरेना.

"तंबाखूबिगर थुंकी येतच नाई मले," ते म्हणाले.

"चिंच आण वो त्याच्यासमोर," काकू मला म्हणाली आणि हसली. मी तिला इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी चिंच आणली. मामा चिंचेकडे बघत थुंकले. नळी सुनंदाच्या हातात देताना म्हणाले, प्रकाशला सांगू नका. ते का आले होते, ते मला आजही नक्की माहीत नाही. बहीण सख्खी ठरावी म्हणून आले की परकी ठरावी म्हणून? मी तेव्हा परकी ठरावी म्हणूनच धरलं होतं.

दोन-अडीच महिन्यांनी सुनंदाचा फोन आला. काकूने आधी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं, मग तिला म्हणाली, आता सांग. मला म्हणाली, "तू आयक. उद्या मी म्हणीन, आयकलं नाई." सुनंदा एकेक गोष्ट सांगत होती आणि काकू ती मला वदवायला लावत होती. वजन वदवायची तसं. अर्धं रक्त इकडचं. मी म्हटलं, अर्धं रक्त इकडचं. अर्धं गोऱ्या मुलखाचं. मी म्हटलं, गोऱ्या मुलखाचं. तो मुलूख इटली. नामदेवमामा सख्खे भाऊ नाहीत, पण परकेही नाहीत. आईकडून लेकराला येणारी जी खूण असते, ती दोघांची एकच आहे. म्हणजे दोघांच्या आया बहिणी असाव्यात.

हे मी वदले नाही. अनसूयाबाईला बहीण एकच होती.

काकूने फोन माझ्या हातात दिला आणि चक्कीच्या दगडाला टाकी लावायला बसली. टाकी लावायचा तो दिवस नव्हता.

बापाचं पुढे कळलं. अमेरिकेतच राहणाऱ्या एका माणसाशी काकूचं रक्त जवळून जुळत होतं. त्याचं घराणं इटलीचं. सुनंदाने त्याला विचारलं, तर त्याने सांगितलं, आजोबांचे एक भाऊ कापूस घ्यायला हिंदुस्थानात होते. रेल्वेच्या कडेला बंगल्यात राहत. महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी त्यांना शत्रूच्या देशाचा माणूस म्हणून धरून नेलं. सुटल्यावर ते सरळ घरी गेले. लग्न केलं नाही, इकडचं कधी काही बोलले नाहीत. त्याने फोटोही पाठवला. कापसाच्या ढिगापुढे टोपी घातलेला माणूस. टोपीच्या सावलीत डोळे दिसतच नव्हते. मी सगळ्यात आधी तेच पाहिलं.

काकूने फोटो हातभर लांब धरून पाहिला. सुनंदा फोनवर विचारत होती, कसं वाटतं. काकूने तिलाच विचारलं, "यानं तिले इचारलं असंन का वो?"

सुनंदाला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, काय?

"साहेब होता तो. ते झाडणारी. यानं तिले इचारलं होतं का, का नुसतंच?"

ते नळीत निघत नाही. त्या इटलीच्या माणसाला काकूला भेटायचं होतं, त्याची आई म्हातारी होती, तिलाही बोलायचं होतं. काकू म्हणाली, कशाला? त्यांना काय पाहिजे? त्यांची पण जमीन असेल. "मंग तेई बी आंगठा मांगतीन." सुनंदा फोनवर हसली. काकू हसत नव्हती.

तिला एकच गोष्ट छळत होती. आपल्याला उकंड्यावर ठेवताना साऱ्या हिंगणीने पाहिलं होतं. भरदिवसा. मग हे लपलं कसं? तिने मला सोबत घेतलं आणि आम्ही एसटीने सेलूवरून हिंगणीला गेलो. तिथे सीतामाय नावाची म्हातारी होती, अनसूयाबाईची शेजारीण. डोळे गेलेले, बाकी सगळं शाबूत. काकूने तिचे पाय धरले आणि विचारलं, मला उकंड्यावर ठेवलं तेव्हा तू होतीस का. म्हातारी म्हणाली, होते तर, आम्ही पाच-सात जणी होतो. इतकं कोणीही विचारलं असतं. काकूने त्यापुढचं विचारलं.

"ठेवली कोणं अन् उचलली कोणं?"

सीतामाय म्हणाली, "गंगूनं ठेवली. तुह्या मायनं सुपात उचलली."

"ज्वारी कोणं देल्ली?"

"तुह्या मायनंच देल्ली गंगूले. मी म्हटलं बी, अवो, हे उलटं झालं. मायनं ठेवाव अन् दुसरीनं उचलाव. तं अनसूया म्हणे, गडबडीत झालं, चालते. गंगू तं रडूनच राह्यली होती. आमाले वाटलं, बहिणीचं लेकरू जगाव म्हून रडते."

असं झालं होतं ते. गंगू बहिणीचं बाळंतपण करायला म्हणून आली होती, दोघी एका खोलीत होत्या, आत कोणी डोकावलं नव्हतं. मग भरदिवसा एका बहिणीने दुसरीला लेकरू देऊन टाकलं आणि पाच-सात बायांनी ते उभं राहून पाहिलं. नाव उकंडा ठेवलं, आणि त्या नावामुळे पुढे सत्तर वर्षं कोणी काही विचारलं नाही. हे सगळं मी एसटीत बसल्यावर माझ्या मनाशी जुळवलं. त्यात माझं किती आणि खरं किती, ते सांगता येत नाही. म्हातारीच्या आठवणीवर तरी किती भिस्त ठेवावी?

पण एसटीत बसायच्या आधी आम्ही मामांच्या घरी गेलो. मामा वावरात होते. प्रकाश दारात होता. काकू ओसरीवर चढली नाही, अंगणातूनच त्याला म्हणाली, "मी तुही सख्खी आत्या नाई. माही माय गंगू. बापाले सांगजो."

तिने हे सांगू नये असं मला वाटत होतं. मी तिचा पदर ओढलाही. पण वजन कमी भरलं तरी ते मोठ्याने सांगणारी बाई ती. प्रकाशला आधी कळेना, मग कळलं.

"मंग आता आंगठ्याचं कामच नाई पडत, आत्या," तो म्हणाला.

"मंग आत्या काऊन म्हणतो?"

आम्ही निघालो. सेलूला जिनिंगच्या भिंती दिसल्या तेव्हा काकू म्हणाली, "मी तिच्या पाठीत गोटा मारला होता वो." एवढंच. त्यानंतर भिंतीवरून केस जळल्याचा वास आला नाही. काय करायची त्या केसांचं, मी विचारलं नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला चक्की बंद होती. काकूने सतरंजी झटकली, ताट केलं. मी माझ्या भावांना ओवाळून मोकळी झाले तरी तिच्याकडे कोणी आलं नव्हतं. आळीतल्या बायका येता-जाता तिच्या दाराकडे पाहत होत्या. मी गेले तर ती म्हणाली, "एस्टी नसंन भेटली. सणाच्या गाड्या कमीच सोडतेत." सिंदीला त्या दिवशी गाड्या नेहमीसारख्या आल्या-गेल्या होत्या. तिच्या तोंडून दुसऱ्याची बाजू घेणारं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला ते सहन झालं नाही. मी घरी निघून आले. दिवा जळून जळून ताटात विझला असेल.

पुढच्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला लागली. छातीत पाणी झालं होतं. सुनंदा येऊन राहून गेली, पुन्हा येणार होती. तेवढ्यात गावात बोलणं आलं, की प्रकाश वकिलाकडे गेला होता. वकील म्हणाला, रक्त काही का असेना, कागदोपत्री ती त्याच घरची लेक आहे, अंगठा लागेलच. कोण म्हणालं, कोणाला म्हणालं, ते कळलं नाही, पण काकूपर्यंत पोचलं. तिने मला जवळ बोलावलं. श्वास लागत होता तरी हळू बोलेना.

"मेलेल्याचा आंगठा बी उठते कागदावर. लोकं शाई घेऊन येतेत. तू पाह्यजो."

मी हो म्हटलं.

"म्हण," ती म्हणाली.

मी म्हटलं, "पाहीन."

ती सकाळी गेली. सुनंदा विमानात होती, तिला यायला दुसरा दिवस उजाडणार होता. बायकांनी काकूला न्हाऊ घालून पुढच्या खोलीत ठेवलं. आमच्याकडे बाई गेली की माहेरचं लुगडं यावं लागतं. ते तिच्या अंगावर घालतात, मगच तिला उचलतात. माहेर कितीही गरीब असो, भांडलेलं असो, ते एक लुगडं यायचं. ते आलं नाही तर शेजारीपाजारी कोणीतरी माहेरचं म्हणून देतं, पण ते सगळ्यांना कळतं. हिंगणीला निरोप गेला होता. बायका कुजबुजत होत्या. कोणी म्हणे, येणार नाहीत. कोणी म्हणे, येतील, पण लुगड्यासाठी नाही. एकीने मला काकूच्या हाताकडे खूण केली. मी काकूजवळ बसले आणि तिचा उजवा हात चादरीखाली माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला. तो थंड होता. रेषांमधलं पीठ न्हाऊ घालूनही गेलं नव्हतं. आळीतले पुरुष दारात उभे होते. एवढ्या माणसांत मी कधी अशी बसले नव्हते, पण मी उठले नाही.

ऊन चढल्यावर मोटारसायकल थांबली. प्रकाश पुढे, मागे मामा. मामांच्या मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते आत आले. कागद सोडला तर आत लुगडं होतं, नवं, घडी न मोडलेलं. एक-दोन बायका रडू लागल्या. मी हात सोडला नाही. लुगडं आणलं म्हणजे दुसरं काही आणलं नाही असं थोडंच होतं?

मामा माझ्यासमोर बसले. लुगडं त्यांनी पायांकडून वर ओढत आणलं. हाताशी येऊन थांबले.

"सोड बाई, झाकू दे," ते म्हणाले.

मी नाही म्हणून मान हलवली. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग चादरीखालच्या माझ्या हातांकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी बंडीचे दोन्ही खिसे बाहेर ओढून उलटे केले. तंबाखूची डबी फरशीवर पडली. दुसरं काही नव्हतं. मग ते वळून प्रकाशला म्हणाले, "तू बी दाखव."

प्रकाश दाराशी उभा होता. त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. सगळ्या बायका त्याच्याकडे पाहत होत्या. तो वळून बाहेर गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

मामा त्याच्यामागे गेले नाहीत. त्यांनी पुन्हा माझ्याकडे तोंड केलं. मी हात सोडला. त्यांनी तो लुगड्याखाली घेतला, बोटं मुठीत मिटवली, अंगठा आत घातला, आणि काठ तिच्या अंगाखाली सगळीकडून घट्ट खोचून घेतला.